मेडशीच्या बाईला निवड कसली?

अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता पातूर मागे टाकून डोंगर ओलांडतो आणि मेडशीला येतो. पुढे मालेगाव, मग वाशीम. मेडशी हे मालेगाव तालुक्यातले प्राथमिक आरोग्य केंद्राचे गाव. इथल्या गरोदर बाईला फोनवरून, दुरून, बाळंतपणातले पर्याय समजावून सांगावेत, असे कोणी सुचवले की बैठकीतल्या साहेबांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे उत्तर एकच असते. मेडशीच्या बाईला निवड कसली? कळा सुरू झाल्या की गाडी बोलवायची, सिस्टर सांगेल तसे करायचे, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की देवाला नारळ फोडायचा. पर्याय-बिर्याय ही पुण्या-मुंबईच्या बायकांची कौतुके.

या उत्तराचा प्रतिवाद करायला हवा, कारण ते दुष्ट माणसांचे नाही. आईचा जीव वाचावा म्हणून रात्री-अपरात्री राबणारे डॉक्टर आणि अधिकारीही ते देतात. त्यांच्याकडे आकडेही आहेत. 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली जवळपास 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. बाई दवाखान्यात पोहोचली, आता आणखी काय शिकवायचे, असा त्यांचा सवाल आहे.

मेडशीच्या बाईसमोर निवडी कोणत्या येतात, ते क्रमाने पाहू. पहिलटकरीण असेल तर पहिला प्रश्न सातव्या महिन्यातच उभा राहतो: बाळंतपण माहेरी की सासरी? ओटी भरून मुलगी माहेरी गेली की तिची आशाताई बदलते, सिस्टर बदलते, जवळचा दवाखाना बदलतो. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत गेले तर ठीक, सासरी राहिले तर नव्या ठिकाणी तिचे रक्त किती आणि रक्तदाब किती, हे पहिल्यापासून सुरू. हा निर्णय बहुतेक घरांत रीत म्हणून होतो. त्याच्या वैद्यकीय बाजूबद्दल तिच्याशी कोणी बोलत नाही.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे बाळंतपण होते, सिझर होत नाही. एखादीचे आधीचे सिझर असेल, जुळे असेल, बाळ पायाळू असेल किंवा रक्तदाब चढत असेल, तर शस्त्रक्रियागृह आणि रक्ताची सोय असलेले ठिकाण आधीच ठरवून ठेवणे म्हणजे अर्धे संकट टाळणे. मेडशीहून त्यासाठी दोन दिशा आहेत. एक मालेगावच्या ग्रामीण रुग्णालयावरून वाशीमच्या जिल्हा रुग्णालयाकडे. दुसरी पातूरमार्गे अकोल्याकडे, जिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जिल्हा स्त्री रुग्णालयही. दोन्ही शहरांत खासगी दवाखाने आहेतच. कोणती दिशा धरायची, हे पुष्कळदा कळा आल्यावर ठरते. कधी गाडीचा चालक ठरवतो, कधी ओळखीचा पाहुणा, कधी रेफरची चिठ्ठी. निवड होतेच. ती बाईच्या वतीने, घाईत आणि माहितीशिवाय होते, एवढेच.

मग प्रसूतिगृहातले प्रश्न. आत सोबत कोण येणार? कळा येत असताना चालायचे की पाठीवर पडून राहायचे? कळा वाढवायचे इंजेक्शन कशासाठी? टाके पडणारच का? आणि बाळ झाल्यावर लगेच तांबी बसवायची की नाही, शस्त्रक्रिया करायची की नाही? यातल्या एकाही प्रश्नाला शहरी म्हणता येत नाही. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी द्यावी अशा सूचना काढल्या. डिसेंबर 2017 मध्ये 'लक्ष्य' हा प्रसूतिगृह सुधारणेचा कार्यक्रम आला, त्यात बाईला सन्मानाने वागवणे हा निकष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये प्रसूतीकाळातल्या देखभालीबद्दल 56 शिफारशी केल्या. पसंतीची सोबतीण, हिंडण्या-फिरण्याची मोकळीक आणि सोयीची स्थिती या तिन्ही गोष्टी त्यांत आहेत. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे हा जुना दंडकही संघटनेने तेव्हा मोडीत काढला. तो पुरा झाला नाही म्हणून आजवर किती इंजेक्शने टोचली गेली आणि किती पोटे उघडली गेली, याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नसेल.

म्हणजे सरकारच्या कागदावर मेडशीच्या बाईला निवड आहे, फक्त तिला ती कोणी कळवलेली नाही.

कायद्यानेही आहे. 1995 मध्ये दिल्लीच्या एका दवाखान्यात समीरा कोहली नावाची 44 वर्षांची बाई दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडे काढली गेली. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जिवावर बेतलेले नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईचीही संमती चालत नाही. संमती घेण्याआधी काय सांगायचे, तेही न्यायालयाने नोंदवले: उपचार काय आहे, कशासाठी आहे, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते आणि नकार दिला तर काय होईल. आपल्याकडे सिझरच्या कागदावर नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही घेऊन काम भागवले जाते. वऱ्हाडातल्या बाईचे त्यावरचे नेहमीचे वाक्य असते, "डॉक्टर म्हनते ते करा लागते, आपल्याले काय समजते?" तिला समजत नाही हे खरे असेल, तर न्यायालयाने सांगितलेली संमती घेतलीच गेली नाही. कळांनी तळमळणाऱ्या बाईला त्या क्षणी हे पाचही मुद्दे समजावणे अशक्य आहे, असे डॉक्टर म्हणतात आणि ते बरोबरच म्हणतात. म्हणून तर ते सातव्या-आठव्या महिन्यात, घरी, तिच्या सवडीने कानावर पडायला हवेत. दूरशिक्षणाची बाजू इथेच सर्वांत भक्कम आहे.

दुसरा आक्षेप असा, की हे काम आशाताई करतेच, मग फोन कशाला? आशाताईबद्दल आदर बाळगूनही हा आक्षेप टिकत नाही. साधारण हजार वस्तीमागे एक आशा. तिच्याकडे नोंदणी, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे, एवढे सगळे. मोबदला कामागणिक. संस्थात्मक प्रसूती घडवली की तिला पैसे मिळतात. आधीच्या सिझरनंतर साधे बाळंतपण होऊ शकते का, हे तासभर समजावल्याचे मिळत नाहीत. जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या, त्यानंतरही संप झाले, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मागण्या रास्त होत्या. त्या दिवसांत घरी येऊन गरोदर बाईशी बोलणारे दुसरे क्वचितच कोणी होते.

मेडशीने तर याहून कडक परीक्षा पाहिली आहे. एप्रिल 2020 मध्ये वाशीम जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण इथेच सापडला. अशा बंदीच्या काळात ज्यांचे दिवस भरत आलेले असतात, त्यांना घरातल्या फोनखेरीज बाहेरचा आवाज कुठून ऐकू येणार? त्याच महिन्यात केंद्राच्या ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरचा सल्ला मिळण्याची सोय सुरू झाली. दुरून वैद्यकीय संवाद होऊ शकतो, हे सरकारने तेव्हा स्वतःच कबूल केले.

दुरून शिकवणे हे परके खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे आठवावेत. 1927 पासून 1953 पर्यंत त्यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक घरोघर जात होते आणि ज्या गोष्टी दवाखान्यात विचारायची चोरी होती, त्या छापून सांगत होते. त्यासाठी त्यांनी खटले सोसले. तेव्हाही प्रतिष्ठितांचे म्हणणे हेच होते की बायकांना इतके कळून करायचे काय.

तिसरा आक्षेप जास्त धूर्त आहे. बायकांना सगळे सांगितले तर त्या घाबरतात आणि स्वतःच सिझर मागतात, असे म्हणतात. तसे असते तर सिझरचे प्रमाण बाईच्या भीतीप्रमाणे बदलले असते. ते बदलते दवाखान्याच्या मालकीप्रमाणे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी 14.3 टक्के सिझरने झाली, खासगीत 47.4 टक्के. गुंतागुंतीचे रुग्ण रेफर होऊन शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयांत येतात, तरीही हा फरक. खासगीत जाणाऱ्या बायका अधिक सधन आणि काहीशा वयस्क असतात हे धरले, तरी तिपटीहून मोठी दरी त्याने भरत नाही. महाराष्ट्राचे प्रमाण दोन सर्वेक्षणांदरम्यान 20 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेले. मेडशीवरून जाणारा अकोला-नांदेड महामार्ग पुढे तेलंगणात उतरतो, आणि त्या राज्यात 60.7 टक्के बाळंतपणे सिझरने झाली होती. लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांच्या पुढे सिझर वाढल्याने माता-बालमृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये म्हटले आहे. तेलंगणातल्या बायका आपल्या बायकांपेक्षा अडीचपट भित्र्या आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

माहितीने आणि सोबतीने घबराट होते की धीर येतो, याचेही उत्तर उपलब्ध आहे. प्रसूतीच्या वेळी सतत सोबत असण्याबद्दल 2017 च्या कोक्रेन आढाव्यात 17 देशांतल्या 26 चाचण्यांमधल्या 15 हजारांवर बायकांची माहिती तपासली गेली. सोबत असलेल्या बायकांची नैसर्गिक बाळंतपणे जास्त झाली आणि सिझर कमी. अनावश्यक सिझर टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2018 मध्ये ज्या उपायांची शिफारस केली, त्यांत गरोदर बायकांचे प्रशिक्षण आहे. एकच पर्याय सांगितल्यावर काय होते, ते मात्र महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले. 2019 मध्ये नेमलेल्या सरकारी समितीने जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशय ठेवून उपचार होऊ शकतो, हे त्यांतल्या किती जणींना दुसऱ्या कोणी सांगितले असेल?

पर्यायांचे शिक्षण म्हणजे 'नॉर्मल'चा प्रचार, असा समज याच आक्षेपाच्या पोटात असतो. तो खोडायला स्कॉटलंडच्या नादीन माँटगोमेरी यांचा खटला पुरेसा आहे. मधुमेह, ठेंगणी चण, बाळ मोठे. अशा प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के असतो, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले नाही. सांगितले तर बाई सिझर मागेल म्हणून. 1999 मध्ये बाळ जन्मले ते मेंदूला इजा होऊन. मार्च 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे माहितीने सिझरकडेच नेले असते आणि ते योग्य ठरले असते. मेडशीला हा मुद्दा दुहेरी लागू पडतो: इथून एका बाजूला वेळेवर सिझर न मिळण्याचा धोका आहे आणि दुसऱ्या बाजूला, शहरात, नको असताना होण्याचा. बाईला दोन्ही धोके माहीत असायला हवेत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. फोन तिचा नसतो. हे खरे आहे. पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या 54 टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. ग्रामीण भागात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका चारांत एक. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा सोयाबीनच्या रानात किंवा कामावर दूर. रिचार्ज संपला की नंबर बंद. त्यामुळे सुंदर चित्रफिती आणि ॲप बनवून 'ग्रामीण मातांना सक्षम केले' असे सांगणाऱ्यांचा दावा पोकळ आहे. गर्भसंस्काराचे महागडे ऑनलाइन वर्ग तर याहून वाईट. त्यांत बाळाच्या बुद्धीची आणि रंगरूपाची आशा विकली जाते. आणि मध्यरात्री पाण्याची पिशवी फुटली तर काय करायचे, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर राहतो.

पण फोन तिचा नाही म्हणून तिला काही सांगूच नये, हा निष्कर्ष कुठून निघतो? साध्या बटणाच्या फोनवर येणाऱ्या आवाजाला इंटरनेट लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये स्थापन केलेल्या 'आरमान' संस्थेने 2014 पासून 'एममित्र' या नावाने गरोदर बायकांना महिन्यांप्रमाणे मोफत बोलते संदेश पाठवायला सुरुवात केली. केंद्र सरकारच्या 'किलकारी'ने जानेवारी 2016 पासून तेच देशपातळीवर केले: चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 संदेश. महाराष्ट्रात ही सेवा 2024 मध्ये आली. रस्ता बांधून तयार आहे. त्यावरून काय धाडायचे, हा वाद आहे.

इथे दूरशिक्षणाच्या कैवाऱ्यांनाही चार शब्द ऐकवावे लागतील. मध्य प्रदेशात किलकारीची मोठी यादृच्छिक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याच्या प्रमाणात संदेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांत फरक पडला नाही. गर्भनिरोधक साधनांचा वापर मात्र काहीसा वाढला. याचा अर्थ फोन निरुपयोगी आहे असा काढणारे घाई करतात. जे बाईला आधीच दहा ठिकाणांहून सांगितले जाते, ते अकराव्यांदा ऐकून तिचे वागणे बदलत नाही. जे तिला कोणीच मोकळेपणाने सांगत नाही, ते ऐकून बदलू शकते, असे या निकालावरून वाटते. लोहाच्या गोळ्या खा, पालेभाजी खा, दवाखान्यातच बाळंत व्हा, हे मेडशीच्या भिंतींनाही पाठ आहे. सोबत आईला आत घेता येते आणि सिझर सरकारी दवाखान्यात फुकट होते, हे भिंतीवर क्वचितच असते.

दुसरी खोट म्हणजे हे संदेश एकतर्फी आहेत. बाईने ऐकायचे, विचारायचे नाही. एममित्रमध्ये अनेक बायका हळूहळू ऐकायच्या थांबतात असे दिसले, तेव्हा संस्थेने गूगलच्या संशोधकांच्या मदतीने कोण गळणार याचा अंदाज बांधणारी संगणकीय पद्धत आणली. तिने गळती सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. ही बातमी कृत्रिम बुद्धिमत्तेचे यश म्हणून गाजली. पण यंत्राने फक्त यादी केली होती. त्या यादीतल्या बायकांना फोन करून बोलली ती माणसेच.

म्हणून मेडशीसाठी मागणी करायची ती नेमकी करावी. संदेश वऱ्हाडी कानाला आपला वाटेल अशा बोलीत हवा. सातव्या महिन्यापासून त्यात पाच गोष्टी याव्यात: तुझ्या प्रकृतीला मेडशी पुरेल की पुढे जावे लागेल, आणि पुढे म्हणजे वाशीम की अकोला; कोणती लक्षणे दिसली तर कळांची वाट न बघता निघायचे; 102 ची गाडी, औषधे, रक्त आणि सिझरसुद्धा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 1 जून 2011 पासून मोफत आहेत; आत एक सोबतीण नेता येते; आणि सिझर सुचवले तर 'का, आत्ताच का, थांबले तर काय' हे विचारायचा तुला हक्क आहे. एक संदेश नवऱ्यासाठी आणि एक सासूसाठी वेगळा असावा, कारण फोन त्यांच्या हातात असतो आणि निर्णयही. उलट फोन करून विचारायला सिस्टर दर्जाची बाई दुसऱ्या टोकाला हवी. बाईने जे ठरवले ते कार्डावर लिहिले जावे, म्हणजे माहेरी गेली तरी ते सोबत जाईल. आणि मेडशी, मालेगाव, वाशीम या तिन्ही ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना ते संदेश आधी ऐकवले जावेत. नाहीतर प्रश्न विचारणारी बाई 'फार शहाणी' ठरून ओरडा खाईल आणि पुढची गप्प बसेल.

खर्चाची सबब चालणार नाही. वाशीम 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. गरोदरपणाची नोंदणी, तपासण्या, संस्थात्मक प्रसूती यांचे आकडे त्यासाठी वरपर्यंत जातात. प्रसूतीआधी बाईशी पर्यायांबद्दल कोणी बोलले का, असा रकाना त्या तक्त्यात नाही. जिल्ह्याने तो आपल्यापुरता सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या स्त्रीरोग विभागाने दूरध्वनीचे दुसरे टोक सांभाळावे आणि सुरुवात मेडशीच्या केंद्रापासून करावी. तोवर मेडशीतल्या सासवांनी, नवऱ्यांनी आणि आशाताईंनी एवढे तरी करावे: दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, त्या दिवशी गरोदर बाईला डॉक्टरांसमोर स्वतः बोलू द्यावे आणि वरच्या पाच गोष्टी तिच्याच तोंडून विचारून घ्याव्यात.